साठ शोअर म्हणजे मटेरियल नव्हे

दूरसंचार उपकरणांचे भाग बनवणाऱ्या मोल्डर मंडळींच्या ओळखीचं एक ड्रॉइंग आहे. उघड्यावर बसवायचा बॉक्स, झाकणाच्या कडेने फिरणारं गॅस्केट, आणि मटेरियलच्या रकान्यात एवढंच: 'टीपीई, ६० शोअर ए'. जुन्या ड्रॉइंगमध्ये तिथे ईपीडीएम किंवा सिलिकोन होतं.

हा बदल का होतो, ते सांगायला नको. रबर साच्यात मिनिटं खातं, टीपीई सेकंदांत बाहेर पडतं. रनर दळून पुन्हा हॉपरमध्ये टाकता येतो, फ्लॅश कापायला वेगळी माणसं बसवावी लागत नाहीत. खरेदी विभाग खूश. यात खोटं काहीच नाही. खोटी आहे ती समजूत, की शोअर जुळला म्हणजे मटेरियल जुळलं.

रबरातले दुवे रासायनिक असतात. गंधकाने किंवा पेरॉक्साइडने एकदा बांधले की ते उन्हाने सुटत नाहीत. एसईबीएसवर आधारलेल्या टीपीईमध्ये हेच काम पॉलिस्टायरिनच्या सूक्ष्म, कठीण गाठी करतात. पॉलिस्टायरिन १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, आणि दाबाखाली या गाठी त्याच्या बऱ्याच आधी सरकू लागतात. ज्या गुणामुळे हा माल इंजेक्शन मशीनच्या बॅरलमधून सुरळीत वाहतो, त्याच गुणामुळे तो गरम झाकणाखाली दबला की दबलेलाच राहतो.

साधा हिशेब करू. ४ मिमी जाडीचं गॅस्केट २५ टक्के दाबून ३ मिमीवर बसवलं. कॉम्प्रेशन सेट २० टक्के असेल, तर दाब सुटल्यावर ते ३.८ मिमीपर्यंत उसळेल. सेट ६० टक्के असेल, तर ३.४ वरच थांबेल. आता दोन स्क्रूंच्या मधल्या भागात झाकण उन्हाने अर्धा मिमी उचललं गेलं, तर पहिलं गॅस्केट त्याच्या मागोमाग जाईल; दुसऱ्याच्या वर फट राहील आणि पहिल्याच वळवात पाणी आत शिरेल. दोन्ही गॅस्केटं ६० शोअरचीच बरं का.

डेटाशीटवर सेटचा आकडा असतो, पण तो कोणत्या तापमानाचा? २३ अंशांवरचा आकडा देखणा दिसतो. मे महिन्यात विदर्भातल्या टॉवरवर हवाच ४५ अंशांची असते, वरून थेट ऊन, आणि आतला पॉवर अँप्लिफायर स्वतःची उष्णता ओततो ती वेगळीच. अशा जागी गॅस्केटने ७० अंश पाहणं ही अतिशयोक्ती नाही. शिवाय नमुन्यावरचा दाब गरम असतानाच सोडला, की दाबाखालीच गार करून मग सोडला, हेही विचारा. टीपीईच्या बाबतीत दुसऱ्या पद्धतीचा आकडा बहुधा वाईट येतो, आणि टॉवरवर रात्री नेमकं तेच घडतं.

आयपी ६७ चं प्रमाणपत्र इथे फारसं कामाला येत नाही. १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, तीही बहुधा नव्या कोऱ्या नमुन्यावर; त्यातून त्या भागाचा पहिला दिवस कळतो. आधी भट्टीत जुना करून मग बुडवलेला नमुना ग्राहकाला दाखवणारा मोल्डर मला जास्त भरवशाचा वाटतो.

याचा अर्थ टीपीई वाईट असा कुणी घेऊ नये. केबलचे ग्रॉमेट, कनेक्टरचे बूट, पोर्टची टोपणं, हातात धरायच्या उपकरणांची पकड या जागांवर वर्षानुवर्षं एकसारखा जोर देत राहायचं नसतं, आणि तिथे रबराचा हट्ट धरणं म्हणजे पैसे वाया घालवणं. दोन शॉटच्या मोल्डिंगमध्ये तर सील घराशीच एकजीव होतं. टॉवरवर चढलेल्या माणसाच्या हातून ते निसटत नाही की उलटं बसत नाही. फक्त एसईबीएस पॉलिप्रॉपिलीनला आपणहून धरतं, पॉलिकार्बोनेट-एबीएसला धरत नाही. त्यासाठी वेगळा ग्रेड घ्यावा लागतो, आणि चिकटलंय की नाही ते व्हीडीआय २०१९ प्रमाणे सोलून पाहायचं. नखाने उचकटून नव्हे. मऊ ग्रेडमधलं तेल पाझरतं हेही ध्यानात असू द्या.

झाकणाचं मुख्य सील टीपीईतच हवं असेल, तर निदान टीपीव्हीकडे वळा. मोन्सँटोने १९८१ मध्ये सँटोप्रीन बाजारात आणलं, त्या कुळातला हा माल. यात ईपीडीएमचे कण कंपाऊंडिंग होतानाच रासायनिक दुव्यांनी बांधले जातात, त्यामुळे गरमीत तो एसईबीएसपेक्षा बराच टिकतो. तरी भोवतीचं पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिकच. त्याच्याकडून सिलिकोनची अपेक्षा करू नये.

टीपीयूबद्दल थोडक्यात: कोकणपट्टीवर जाणाऱ्या भागाला पॉलिईथर जातीचाच घ्या. पॉलिएस्टर जात दमट उष्णतेत विघटन पावते आणि चिकट होते. ड्रायर चुकवून घाईने मारलेला शॉट तर दोन्ही जातींत वाया जातो.

तेव्हा पुढचं ड्रॉइंग हाती आलं की कोटेशन देण्याआधी ते परत पाठवा आणि रकान्यात चार गोष्टी भरून मागा: टीपीईची जात, प्रत्यक्ष तापमानाला १००० तासांनंतरचा सेट, ज्याला चिकटवायचं ते प्लास्टिक, आणि ज्वालारोधकाची पातळी. चौथी आधीच ठरवून घ्या. ज्वालारोधक भरला की सेट बहुधा बिघडतो, आणि साचा तयार झाल्यावर ते कळलं तर खर्च मोल्डरच्याच माथी येतो.