पेन्शनच्या सूत्रात महागाई धरा

ईपीएस-९५ या कर्मचारी पेन्शन योजनेत वाढ मागितली की ठरलेले उत्तर येते: कामगाराने भरले किती आणि मागतो किती? सवाल बिनतोड वाटतो. हिशेब मांडला की त्यातला फोलपणा उघडा पडतो.

शेवटच्या ६० महिन्यांच्या पेन्शनपात्र वेतनाची सरासरी गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०, असे हे सूत्र आहे. मेख आहे ती ‘पेन्शनपात्र’ वेतनात. त्याची कमाल मर्यादा १९९५ मध्ये ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ मध्ये १५,०००. त्यानंतर दहा वर्षे उलटली तरी ती जागची हलली नाही. साखर कारखान्यातला एखादा फिटर १९९५ अखेर कामाला लागला आणि २०२५ अखेर ४०,००० रुपये मूळ पगार व महागाई भत्त्यावर निवृत्त झाला, असे धरू. त्याची २०१४ पूर्वीची सुमारे १९ वर्षे ६,५०० च्या मर्यादेने मोजली जातात, पुढची ११ वर्षे १५,००० च्या. तीस वर्षे राबून पेन्शन बसते चार-साडेचार हजार. तीही आयुष्यभर तेवढीच, कारण महागाई भत्ता नाही.

मग कमी भरल्याचा दोष कामगाराचा कसा? मालकाच्या वाट्यातले ८.३३ टक्के पेन्शन फंडात जातात, तेही मर्यादेपुरतेच, म्हणजे महिना १,२५० रुपये. मर्यादा सरकारने ठरवलेली. पूर्ण पगारावर भरण्याच्या पर्यायासाठी कामगारांना सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडावे लागले; निकाल लागला नोव्हेंबर २०२२ मध्ये.

दुसरा आक्षेप फंड बुडण्याचा. ही काळजी खरी आहे आणि ती झटकून टाकता येणार नाही. पण २०१४ च्या दुरुस्तीने १५,००० हून जास्त पगारावर नव्याने लागणाऱ्यांना योजनेचे दारच बंद केले. चांगले कमावणारे तरुण वर्गणीदार बाहेर ठेवायचे आणि फंड आटला म्हणून म्हाताऱ्यांना गप्प बसवायचे, हा न्याय नव्हे. सरकार स्वतः या फंडात मर्यादित वेतनाच्या १.१६ टक्के घालते. आपल्या कर्मचाऱ्यांच्या एप्रिल २०२५ पासूनच्या एकीकृत पेन्शन योजनेत मात्र १८.५ टक्के! तिथे दहा वर्षांच्या सेवेला किमान १०,००० रुपये आणि वर महागाई सवलत. इथे किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० ठरली आणि पुढची दहा वर्षे तिथेच थिजली.

तोडगा अवघड नाही. जर्मनीत प्रत्येक वर्षाचा पगार त्या वर्षीच्या देशातल्या सरासरी पगाराशी ताडून गुण दिले जातात आणि गुणाचा भाव दरवर्षी नव्याने ठरतो. त्यामुळे जुन्या वर्षांचे मोल घसरत नाही. आपल्याकडेही वेतनमर्यादा दरवर्षी आपोआप वाढावी, जुन्या सेवेचे वेतन आजच्या भावाने मोजावे आणि चालू पेन्शन महागाई निर्देशांकाला जोडावी. त्यासाठी मालकाची वर्गणी आणि सरकारचा वाटा दोन्ही वाढवावे लागतील, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

बुलढाण्यात ईपीएस-९५ च्या पेन्शनरांनी पेन्शनवाढीसाठी साखळी उपोषण केले. त्यांचे म्हणणे मान्य करायला संसदेत नवा कायदा लागत नाही. २०१४ ची दुरुस्ती एका अधिसूचनेने झाली होती. केंद्र सरकारने तशीच दुसरी आता काढावी.