जाहीर इशारा : फायबर ओढा, पण सांगलीकरांना गृहीत धरू नका

सांगली, मिरज आणि कुपवाडमध्ये घरोघरी फायबरची इंटरनेट जोडणी देणाऱ्या सर्व कंपन्या, त्यांचे स्थानिक वितरक, केबलचालक आणि खोदाईचे ठेकेदार यांना आम्ही ग्राहक हा इशारा देत आहोत. नीट वाचा आणि मुदतीत कामाला लागा.

फायबरला आमचा विरोध नाही. मुलांचा अभ्यास, मार्केट यार्डातले व्यवहार, पुण्या-मुंबईची नोकरी घरून करणाऱ्या पोरापोरींची रोजीरोटी आज याच तारेवर चालते. म्हणूनच ती तार कशीबशी लोंबकळवून निघून जाणे यापुढे खपवून घेतले जाणार नाही.

आज काय चालले आहे? सहा महिन्यांचे, वर्षाचे पैसे आगाऊ घेतले जातात. मग ‘उद्या माणूस येतो’ हे उत्तर सुरू होते आणि काही दिवसांनी फोनच उचलला जात नाही. माणूस आलाच, तर विजेच्या खांबाला तार गुंडाळतो, शेजाऱ्याच्या गच्चीवरून न विचारता ओढतो आणि खिडकीच्या चौकटीत काटकोनात मुडपून खिळा ठोकतो. काचेचा तंतू तुटायचीही गरज नसते. प्रमाणाबाहेर वाकवला, की त्यातला प्रकाश बाहेर गळतो, घरातल्या इंटरनेटच्या यंत्रावर लाल दिवा लागतो आणि तक्रार केली की ‘राउटर बंद करून चालू करा’ एवढेच ऐकायला मिळते. तार जोडताना कापलेले काचेचे केसाएवढे तुकडे फरशीवर तसेच पडलेले असतात. रांगत्या लेकराच्या तळहातात ते घुसले, तर शोधूनही दिसत नाहीत.

रस्त्यावर तर जिवाशीच गाठ आहे. गळीत हंगाम सुरू झाला, की उसाने शिगोशिग भरलेल्या ट्रॉल्या याच रस्त्यांवरून जातात. खाली आलेली तार उसात अडकली, की ताणली जाते आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या गळ्याशी येते. चर खणून वरवर माती लोटली, की पहिल्या पावसात तिथे खड्डा पडतो. कोणाचा जीव गेल्यावर ‘ती तार आमची नव्हे’ हे उत्तर चालणार नाही.

आणि हे शहर कृष्णाकाठचे आहे, हे विसरू नका. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी आणि ४५ फुटांना धोका पातळी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत चढले आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. हे माहीत असताना पूरपट्ट्यात विजेवर चालणाऱ्या पेट्या कमरेच्या उंचीवर बसवणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. महापुरात निरोप पोहोचणे म्हणजे माणूस वाचणे.

म्हणून आमच्या मागण्या :

१. खाली लोंबणाऱ्या, तुटलेल्या आणि बेवारस तारा आजपासून ७ दिवसांत काढा. चालू तारांवर कंपनीचे नाव आणि तक्रारीचा क्रमांक लावा.

२. खणलेला रस्ता ३० दिवसांत पूर्ववत करा. दूरसंचार मार्गाधिकार नियम २०२४ हे १ जानेवारी २०२५ पासून लागू आहेत. तार टाकण्याच्या हक्काबरोबर जागा पूर्ववत करण्याची जबाबदारीही येते.

३. पैसे घेताना जोडणीची तारीख लेखी द्या. तारीख चुकली, तर न मागता पैसे परत करा.

४. जोडणी दिल्यावर मीटरवर सिग्नल किती मिळतो, हे ग्राहकाला दाखवा, लिहून द्या आणि काचेचे तुकडे डबीत भरून घेऊन जा.

५. पूरपट्ट्यातल्या पेट्या येत्या पावसाळ्यापूर्वी महापुराच्या खुणेच्या वर न्या.

महापालिकेने आणि महावितरणने आपापल्या हद्दीतल्या परवानग्या जाहीर कराव्यात. विनापरवाना तार कोणाची, हे लोकांना कळलेच पाहिजे.

मुदत उलटली, तर आम्ही गप्प बसणार नाही. प्रत्येक धोकादायक तारेचा फोटो, जागा आणि तारीख यांसह लेखी तक्रार दाखल होईल. सोसायट्या आपल्या भिंतींवरून आणि गच्च्यांवरून नवी तार ओढू देणार नाहीत. पैसे अडकलेले ग्राहक एकत्रितपणे जिल्हा ग्राहक आयोगात जातील. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि अशा तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये दिला आहे.

सांगलीकरांनो, तुम्हीही सावध राहा. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नका. तक्रार तोंडी करू नका, तिचा नोंदणी क्रमांक घ्या. दाद मिळाली नाही, तर ३० दिवसांच्या आत कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. त्याला पैसे पडत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आयोगात ५ लाख रुपयांपर्यंतच्या दाव्याला शुल्क नाही. लोंबती तार दिसली, तर हात लावू नका. ती विजेच्या तारेला चिकटलेली असू शकते. आधी महावितरणला कळवा.

कंपन्यांनो, तुम्ही आमचे पैसे घेतले आहेत. आता काम चोख करा, नाहीतर आयोगासमोर उत्तर द्यायला तयार राहा.