बाटली निघेना, तरी ‘दोष नाही’

एका सायकल आयातदार कंपनीचे नवे परिपत्रक विक्रेत्यांच्या हाती पडले आहे. त्यात कलमे तीन. फ्रेमवरच्या बॉटल केजच्या भोकांची जागा हा ‘रचनेचा भाग’ असून तो उत्पादनातला दोष धरला जाणार नाही. नवे भोक पाडले किंवा असलेले वाढवले तर फ्रेमची वॉरंटी संपली. आणि भोकातला रिव्हनट जागच्या जागी फिरत असेल तर बिल व फ्रेम नंबरासोबत ‘रिव्हनटच्या आतील बाजूचे छायाचित्र’ जोडावे.

तिसरे कलम लिहिणाऱ्याने डाउनट्यूब आतून कधी पाहिली आहे का, हे विचारावेसे वाटते. सीटट्यूबचे एक वेळ जमेल; सीटपोस्ट काढून बॅटरी मारता येते. डाउनट्यूबमधल्या नटापर्यंत पोचायला बीबी (बॉटम ब्रॅकेट) काढावी लागते. आणि याच कंपनीच्या वॉरंटी पुस्तिकेत छापले आहे की अधिकृत केंद्राबाहेर बीबी उघडल्यास वॉरंटी रद्द! कोकणातल्या एका वाचकाने इमानदारीने बीबी काढली, फोटो काढला, पाठवला. उत्तर आले, ‘बीबी काढल्याचे छायाचित्रावरून दिसते, सबब दावा अमान्य.’ समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा नट एकमेकांना धरून बसतात, मग ॲलन कीने जोर लावला की बोल्टाबरोबर नटही फिरतो. यात गिऱ्हाइकाची चूक काय? कारखान्यात बोल्ट कोरडे बसवले, आट्यांना ग्रीसचे बोट लावले नाही, एवढीच सगळी कथा.

पण खरी आग पहिल्या कलमाने लावली आहे. आमच्याकडे येणारी पत्रे बहुतेक लहान फ्रेमबद्दलची आहेत. दोन भोकांतले अंतर 64 मिमी आणि बोल्ट एम5, हे सगळीकडे सारखे असते. ती जोडी नळीवर कुठे बसवायची, हे मात्र कारखान्याच्या मर्जीवर. मोठ्या फ्रेमसाठी आखलेली जागा लहान फ्रेमवर जवळजवळ तशीच उचलून ठेवली जाते. परिणाम रोज आपल्या स्टँडवर दिसतो: सीटट्यूबवरची 750 मिलीची बाटली वर ओढली की टॉपट्यूबला आपटते, तिरकी काढावी तर खालच्या बाटलीत अडकते. भोकांची जोडी दोन-अडीच सेंटिमीटर खाली असती तर प्रश्नच नव्हता. तिथे क्लॅम्पवाला फ्रंट डिरेलर आडवा येतो म्हणावे, तर तक्रारीतल्या मॉडेलला पुढे एकच चकती आहे, डिरेलरच नाही. मग भोके वर कशासाठी?

कंपनीचा सल्ला, ‘लहान बाटली वापरा.’ एप्रिलमध्ये 200 किलोमीटरची बीआरएम राइड साडेतेरा तासांत पुरी करणाऱ्या बाईला हा सल्ला तोंडावर देऊन दाखवा. लहान फ्रेम घेणाऱ्यांत बायका आणि शाळा-कॉलेजची मुले जास्त. त्यांना तहान फ्रेमच्या मापाने लागते, अशी कंपनीची समजूत दिसते. आपल्यातले काही शहाणे गिऱ्हाइकाला यूसीआय या जागतिक सायकल संघटनेचा नियम ऐकवतात: बाटली डाउनट्यूब किंवा सीटट्यूबवर आतल्या बाजूलाच हवी, 400 ते 800 मिलीच हवी. अहो, तो शर्यतीचा नियम आहे. खंबाटकी घाट चढणाऱ्या हौशी स्वाराचा त्याच्याशी काय संबंध?

कंपनीला बोल लावताना आपले घरही पाहू. नवी सायकल देताना किती दुकानांत स्वाराला बसवून, दोन्ही बाटल्या भरून, त्या काढून-घालून पाहतात? भोक दिसले, केज आवळली, बिल फाडले. क्रम साधा आहे. आधी सीटट्यूबची बाटली टॉपट्यूबखालून मोकळी निघेल इतकी खाली घ्या, मग डाउनट्यूबची वर सरकवत न्या, दोघी एकमेकींना लागायच्या थांबेपर्यंत. लांबट खाचेची पट्टी बाजारात मिळते. नाही मिळाली तर 3 मिमी ॲल्युमिनियमची पट्टी कोणताही लेथवाला करून देईल. फ्रेमला भोक न पाडता काम होते, म्हणजे दुसऱ्या कलमालाही धक्का नाही. डिरेलर असलेल्या सायकलीवर त्याचा क्लॅम्प आड येत असेल तर दोन्ही बोल्टांखाली सारखे वायसर घालून केज उचला आणि 12 ऐवजी 16 मिमीचे बोल्ट वापरा. एकाच बोल्टाखाली वायसर घातला की केज पिळवटते आणि महिन्याभरात तडकते.

तरीही जमले नाही तर बाजूने उघडणारी केज लावा, पण कोणत्या बाजूने ते स्वाराला विचारा. आपल्याकडच्या बऱ्याच सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हाताला असतो. उजव्या हाताने बाटली काढली तर डावा हात मागच्या ब्रेकवर राहतो; एकाच हाताने ब्रेक मारायची वेळ आली तर तोच बरा. डावखुऱ्याचे गणित वेगळे. डाउनट्यूबखालच्या तिसऱ्या जागेत मात्र पाणी ठेवू नका. पावसाळ्यात रस्त्यावरचे शेण-चिखल थेट बाटलीच्या तोंडावर येते. तिथे हत्यारांचा डबा ठेवा, आणि आधी पुढच्या चाकाचे अंतर पाहा. केज लावायची नसेल तरी भोकांत बोल्ट राहू द्या. उघड्या भोकांतून गेलेले पाणी बीबीत साठते आणि गंजलेले बेअरिंग शेवटी आपल्याच गळ्यात येते.

सायकलींवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला तेव्हा दरपत्रके बदलायला कोणी दिरंगाई केली नाही. मग त्याच दरपत्रकात ‘बीबीच्या केंद्रापासून खालच्या भोकापर्यंत इतके मिमी’ ही एक ओळ प्रत्येक साइझसमोर घालायला काय अडचण आहे? ही मागणी आम्ही कंपनीला लिहून कळवली. पोच आली, उत्तर नाही.

तेव्हा आता आपणच मापे घेऊ. दुकानातल्या प्रत्येक लहान आणि मध्यम फ्रेमवर टेप लावा: बीबीच्या केंद्रापासून सीटट्यूबचे खालचे भोक, त्या भोकापासून टॉपट्यूबची खालची कड, आणि डाउनट्यूबवरही बीबीपासून खालचे भोक. 750 मिलीची बाटली सरळ निघते की नाही, ते एका शब्दात लिहून आम्हाला पाठवा. आलेली मापे आम्ही मॉडेलवार छापू, म्हणजे माल मागवण्याआधी प्रत्येकाला तक्ता पाहता येईल. कंपनीच्या माणसाच्या भीतीने दुकानाचे नाव द्यायचे नसेल तर देऊ नका. मॉडेल, वर्ष आणि साइझ मात्र न चुकता लिहा.