रुंद पडद्यावर बेढब झालेला मारिओ

सोलापूर, प्रतिनिधी - नव्वदच्या दशकात उन्हाळ्याच्या सुट्टीत कॅसेट फुंकून टीव्ही गेम लावणारी पिढी आज चाळिशीत आहे. ते यंत्र कधीच भंगारात गेले. पण 'ॲपल'ने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या फोनवर एम्युलेटरना, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामना, परवानगी दिली आणि 'अँड्रॉइड'वर वर्षानुवर्षे असलेली सोय तेथेही आली. खेळ परतले, मात्र अनेकांच्या पडद्यावर मारिओ फुगलेला दिसतो. दोष खेळाचा नाही, चौकटीचा आहे.

जुन्या डबा टीव्हीच्या पडद्याचे रुंदी-उंचीचे प्रमाण ४:३ होते. आजच्या सपाट टीव्हीचे १६:९ आहे. जुने चित्र ओढून नव्या पडद्यावर बसवले की रुंदी ३३ टक्क्यांनी वाढते. ओढण्याऐवजी मोठे करावे, तर वरखालचा चौथा हिस्सा कापला जातो आणि गुण दाखवणारी पट्टीच नाहीशी होते. सोलापूरचे सुपुत्र डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये काढलेल्या 'डॉ. कोटनीस की अमर कहानी'चेही रुंद टीव्हीवर हेच हाल होऊ शकतात, कारण तो काळही चौकोनी पडद्याचाच होता.

गंमत अशी, की चित्र 'जसेच्या तसे' दाखवणेही चूक ठरते. निन्टेन्डोचे ८ बिट यंत्र २५६ गुणिले २४० ठिपक्यांचे चित्र तयार करीत असे. टीव्हीवर हे ठिपके किंचित आडवे पसरत. संगणकाचे ठिपके मात्र चौरस. त्यामुळे कोणतीही दुरुस्ती न करता मांडलेला मारिओ चक्क रोडावतो. एम्युलेटरमध्ये ४:३ प्रमाण निवडून दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या मान्य करणे, हाच मूळ रूपाच्या सर्वांत जवळचा मार्ग. पण एवढ्या महागाच्या टीव्हीचा चौथा भाग रिकामा ठेवायला ग्राहकाचे मन धजावत नाही!

मग खरोखरच जास्त दृश्य दाखवता येईल काय? येथे खेळाखेळांत फरक आहे. द्विमितीय खेळ जॅकार्डवर विणलेल्या सोलापुरी चादरीसारखा असतो. नक्षी जेवढ्या रुंदीची आखली तेवढीच; रुंद चादर हवी तर नक्षी नव्याने आखावी लागते. ब्राझीलचे प्रोग्रामर व्हिटर विलेला यांनी 'सुपर मारिओ वर्ल्ड'साठी २०२१ मध्ये नेमके तेच केले. मूळ प्रोग्राममध्ये खोलवर बदल करून त्यांनी तो रुंद पडद्याजोगा केला.

त्रिमितीय खेळांत वाट सोपी वाटते. तेथे कॅमेऱ्याचा कोन बदलणारा एखादा आकडा दुरुस्त केला, की बाजूचे जग दिसू लागते. 'प्लेस्टेशन २'च्या अनेक खेळांसाठी हौशी मंडळींनी अशा दुरुस्त्या केल्या आहेत. मात्र जे चौकटीबाहेर आहे ते काढायचेच नाही, ही त्या काळच्या यंत्रांची काटकसर होती. परिणामी कडेच्या इमारती अचानक उगवतात, तर नाट्यप्रसंगात आपल्या प्रवेशाची वाट पाहत विंगेत थांबलेले पात्र प्रेक्षकांना दिसते. 'फायनल फँटसी ७' (१९९७) सारख्या खेळात पार्श्वभूमी आधीच रंगवलेली असल्याने ही युक्तीही चालत नाही.

प्रश्न केवळ हौसेचा राहिलेला नाही. 'सेगा'ने जून २०२२ मध्ये 'सॉनिक ओरिजिन्स' हा संच आणला. त्यात रुंद आणि जुनी ४:३ अशी दोन्ही रूपे दिली, हे स्वागतार्हच. परंतु तत्पूर्वी मे महिन्यात याच खेळांच्या सुट्या जुन्या आवृत्त्या अनेक ऑनलाइन दुकानांतून काढून घेतल्या. कोणते रूप किती दामाला मिळावे, याचा निर्णय कंपनीकडेच राहिला. अमेरिकेच्या 'व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन'ने २०२३ मध्ये केलेल्या पाहणीनुसार, तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के खेळ बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत. ही पोकळी एम्युलेटर भरून काढतात.

कायद्याची बाजू मात्र दुहेरी आहे. 'सोनी'विरुद्ध 'कनेक्टिक्स' खटल्यात २००० साली अमेरिकी अपील न्यायालयाने एम्युलेटर बनवणाऱ्याच्या बाजूने कौल दिला. खेळाची प्रत हा वेगळा विषय. भारतातही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणक प्रोग्रामला संरक्षण असल्याने, इंटरनेटवरून फुकट उतरवलेला खेळ परवानगीविना केलेली नक्कलच ठरतो. रुंद पडद्याची दुरुस्ती तेवढी निर्धास्त मिळते, कारण बहुधा ती म्हणजे आकड्यांच्या काही ओळी असतात. खेळ ज्याचा त्याने आणायचा.