चूक कोणाची? कायदा विचारतच नाही!

लोकलमधून कुणी पडलं की पहिली कमेंट ठरलेली, ‘दारात लटकायचंच कशाला?’ तुम्ही-आम्हीच काय, घरचेही तेच म्हणतात. मग जखमी मुलगा आणि त्याचे आईवडील हॉस्पिटलचं बिल भरून गप्प बसतात. चूक आपलीच, तर भरपाई कुठल्या तोंडाने मागायची?

पण कायदा हा प्रश्न विचारतच नाही. रेल्वे कायदा, 1989 च्या कलम 124-अ नुसार गाडीतून अपघाताने पडलेल्या प्रवाशाला रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. 2018 मध्ये रीना देवी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं, की प्रवाशाचा निष्काळजीपणा हे भरपाई नाकारण्याचं कारण नाही. चढता-उतरताना पडलात, तरी हक्क आहेच. तिकीट हरवलं म्हणूनही दावा आपोआप बाद होत नाही. तुम्ही खरोखर प्रवासी होतात, हे दाखवावं लागतं. मृत्यू झाल्यास 8 लाख रुपये, जखमींना जखमेच्या स्वरूपानुसार रक्कम ठरलेली आहे.

अर्थात सगळंच माफ नाही. आत्महत्येचा प्रयत्न, नशेत केलेलं कृत्य किंवा स्वतःचा गुन्हा असेल तर भरपाई नाही. शॉर्टकट म्हणून रूळ ओलांडताना गाडीने उडवलं, तरी या कलमाचा आधार मिळत नाही.

9 जून 2025 आठवतोय? मुंब्र्याजवळ दोन लोकलमधून प्रवासी खाली पडले, काहींचा जीव गेला. तिथे स्टंट नव्हता, सकाळची गर्दी होती. अशा वेळी भरपाई ही कुणाची मेहेरबानी नसते.

दावा रेल्वे क्लेम्स ट्रायब्युनलकडे करायचा, तोही साधारण एका वर्षाच्या आत. स्टेशन मास्तरांकडची नोंद, रेल्वे पोलिसांचे कागद, हॉस्पिटलचे रिपोर्ट जपून ठेवा. आणि आजच पासचा फोटो काढून घरी कुणाच्या तरी फोनवर पाठवा. पाकीट रुळांवर पडलं, तरी पुरावा घरी राहील.

‘रूळ ओलांडू नका’ हे स्टेशनवर दिवसभर ऐकू येतं. ऐकायलाच हवं. पण जखमीचा जबाब घ्यायला येणाऱ्या पोलिसाने त्याच्या हातात दाव्याची माहिती देणारा एक साधा कागदही द्यायला हवा, मराठीत. तोपर्यंत हे काम आपलं. पुढच्या वेळी कुणी पडलं, तर ‘लटकला कशाला’ म्हणण्याआधी त्याच्या घरच्यांना एवढंच सांगा: एक वर्ष आहे, अर्ज करा.