पुस्तक हाच शिक्षक असतो तेव्हा

माझ्या भाचीने आठवीनंतर शाळा सोडली. सोडली म्हणजे, तिच्या आईवडिलांनी बराच विचार करून तिला घरीच शिकवायचे ठरवले. दहावीची परीक्षा तिने मुक्त विद्यालयातून दिली. विषय नातेवाइकांत वाटले गेले तेव्हा गणित साहजिकच माझ्याकडे आले. तीस वर्षे महाविद्यालयात तेच शिकवले होते. दहावीनंतर तिला कॅल्क्युलस आणि लिनिअर अल्जिब्रा, म्हणजे कलन आणि रेषीय बीजगणित, शिकायचे होते. ‘मामा, पुस्तक कोणतं घेऊ?’ तिने विचारले आणि मी क्षणाचाही विचार न करता मायकेल स्पिव्हाक यांचे ‘कॅल्क्युलस’ तिच्या हातात ठेवले.

१९६७ सालचा हा ग्रंथ थोर आहे, यात शंका नाही. पण त्यात डेरिव्हेटिव्हची गाठ पडते ती नवव्या प्रकरणात. महिनाभराने पाहिले तर पुस्तक टेबलावरून कपाटात गेले होते. विचारले तेव्हा ती म्हणाली, ‘मामा, हे पुस्तक माझ्याशी बोलतच नाही. त्याला सगळं आधीच माहीत आहे.’

ते वाक्य मला लागले. वर्गात मी काय करत होतो? मुलांचे चेहरे पाहून दोन पाने गाळत होतो, एखादे उदाहरण पुन्हा घेत होतो, मध्येच विनोद करत होतो. कठीण पुस्तक सोसले जात होते ते या मध्यस्थामुळे. घरी शिकणाऱ्या मुलासमोर हा मध्यस्थ नसतो. तिथे पुस्तक हाच शिक्षक. आणि मी पुस्तक निवडले होते ते तिच्यासाठी नव्हे, माझ्या प्रतिष्ठेसाठी!

‘मूल हुशार असेल तर कोणतेही पुस्तक चालते,’ असे सांगणारे रामानुजन यांचे नाव घेतात. त्यांना पंधरा-सोळाव्या वर्षी जी. एस. कार यांचे पुस्तक मिळाले. त्यात सुमारे ५,००० सूत्रे होती, सिद्धता मात्र जवळजवळ नव्हत्या. रामानुजन यांनी ती सूत्रे स्वतः पडताळली, हे खरे. पण पुढे त्यांच्या वह्याही तशाच भरल्या: निष्कर्ष आहेत, सिद्धता नाहीत. एकट्याने शिकणाऱ्याच्या हाताला पुस्तकाचे वळण लागते, ते असे.

मग आम्ही नव्याने सुरुवात केली. कलनासाठी सिल्व्हेनस थॉम्प्सन यांचे १९१० सालचे ‘कॅल्क्युलस मेड ईझी’ घेतले. एका चौरसाची बाजू किंचित वाढवा. दोन कडांना दोन पातळ पट्ट्या जोडल्या जातात आणि कोपऱ्यात एक इवलासा चौरस उरतो. तो इतका लहान की सोडून दिला तरी चालते. या एका चित्रातून वर्गाचा डेरिव्हेटिव्ह हाती येतो. उदाहरणे आहेत, त्यांची उत्तरेही आहेत. घरी शिकणाऱ्याला उत्तरे हवीतच. चुकलो हे सांगणारे दुसरे कोणी नसते.

रेषीय बीजगणितासाठी गिल्बर्ट स्ट्रँग यांचे पुस्तक घेतले. त्याची पहिली आवृत्ती १९९३ ची. दहावीच्या मुलाला २x + y = ८ आणि x + ३y = ९ ही समीकरणे सोडवता येतात; दोन रेषा छेदतात, उत्तर ३ आणि २. स्ट्रँग हेच उभे वाचायला शिकवतात: (२, १) तीनदा आणि (१, ३) दोनदा घेतले की (८, ९) मिळते. गणित तेच, पण आता पुढचे सगळे दार उघडते. शिवाय एमआयटीत १९९९ साली चित्रित झालेली त्यांची व्याख्याने फुकट पाहता येतात. फळ्यापाशी विचार करणारा माणूस दिसणे, हे शाळेबाहेरच्या मुलाला फार मोलाचे.

परीक्षेसाठी एनसीईआरटीची पुस्तके शेजारी असावीतच. तीही विनामूल्य मिळतात. पण गाइडांचा ढीग आणण्याआधी पालकांनी एक साधी कसोटी लावावी. पुस्तकाची दहा पाने मुलाला एकट्याने वाचू द्यावीत आणि मग पुस्तक मिटून ते आपल्याला मराठीत समजावून सांगायला सांगावे. इंग्रजी शब्दांच्या आड लपलेले अज्ञान मराठीत लगेच उघडे पडते. मुलाला सांगता आले तर पुस्तक योग्य. नाही आले तर मुलाला नव्हे, आधी पुस्तकाला दोष द्यावा. आपल्याकडे नेमके उलटे घडते, आणि ‘मला गणित जमत नाही’ हे वाक्य आयुष्यभर चिकटते.

सोपे पुस्तक म्हणजे पोकळ शिक्षण, ही भीतीही मला होती. चारेक महिन्यांनी भाची म्हणाली, ‘मामा, तो कोपऱ्यातला चौरस आपण सोडून दिला, पण सोडायची परवानगी कोणी दिली?’ गणितज्ञांना दीडशे वर्षांहून अधिक काळ छळणारा हा प्रश्न तिला तिचा तिनेच सापडला होता. मी काही बोललो नाही. कपाटातले स्पिव्हाक काढून तिच्यापुढे ठेवले.

सध्या ती पाचव्या प्रकरणातल्या लिमिटशी भांडते आहे. पुस्तक कपाटात परत गेलेले नाही.