इतक्या वर्षांनी बाईक घेताय? मग हलकी घ्या

पिंपरी-चिंचवडमध्ये पंचेचाळिशीच्या माणसाने पुन्हा बाईक घेणार म्हटलं की सल्ले फुकट मिळतात. "इतकी वर्षं संसारात घालवली, आता बुलेटच घ्या. एकदाच घ्यायची, मोठी घ्यायची." मोहल्ल्यातले सांगतात, कंपनीतले सांगतात, शोरूममधला सेल्समन तर सांगतोच. माझं म्हणणं सरळ आहे: हा सल्ला चुकीचा आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

हा माणूस कोण, ते आधी पाहू. विशीत त्याच्याकडे स्प्लेंडर किंवा बॉक्सर होती. लग्न झालं, मुलं झाली, कंपनीची बस मिळाली. गाडी भावाला दिली. दहा-पंधरा वर्षं हँडलला हात नाही. आता शिफ्ट बदलली, बस जुळत नाही, म्हणून बाईक हवी. लायसनवर तो जुना चालक आहे, पण रस्त्यावर नवशिका आहे. हे कबूल करायला ना तो तयार असतो, ना त्याला सल्ला देणारे.

"बाईक कोणी विसरतं का?" नाही विसरत, आणि अडचण त्यातच आहे. स्प्लेंडरचे चारही गिअर पुढे दाबून पडतात. पल्सरला पहिला खाली, बाकीचे वर. घाईत जुन्या सवयीने पाय खाली दाबला की गिअर चढण्याऐवजी उतरतो आणि गाडी झटका खाते. जुनी बुलेट चालवलेल्याचं तर सगळंच उलट: तेव्हा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला होता. ब्रेकचंही तेच. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, पण अनेक गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं. मागचाच ब्रेक कचकन दाबायची सवय असेल, तर पावसात मागचं चाक आजही लॉक होतं.

मोठ्या गाडीची वकिली करणारे म्हणतात, वजनदार गाडी रस्त्याला धरून चालते. मोकळ्या हायवेवर हे खरं आहे. पण भोसरीहून मोशीमार्गे चाकणला शिफ्टला जाणाऱ्याला मोकळा हायवे मिळतो कुठे? तळेगाव चौकात, आंबेठाण चौकात तो ट्रेलरच्या मधून चालत्या माणसाच्या वेगाने सरकतो. पाय टेकतो, उचलतो, परत टेकतो. तिथे खड्डा किंवा चिखल आला की तोल पायानेच सावरायचा असतो. स्प्लेंडर साधारण ११२ किलोची, पल्सर १५० जवळपास १५० किलोची, बुलेट ३५० सुमारे १९५ किलोची. कलणारी हलकी गाडी पाय धरून ठेवतो. १९५ किलो आणि मागे बसलेलं माणूस धरायला मात्र रोजचा सराव लागतो.

दुसरा युक्तिवाद ताकदीचा. "इंजिन मोठं असलं की वेळेला निसटता येतं." चाकणच्या कारखान्यात बनणारी ट्रायम्फ स्पीड ४०० सुमारे ४० पीएसची आहे, स्प्लेंडर आठची. गाडी उत्तमच आहे, पण पाचपट ताकद हाताळणारं मनगट पंधरा वर्षं रिकामं आहे. ताशी ६० किलोमीटरला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. गोंधळण्यात गेलेला एक सेकंद म्हणजे तेवढं अंतर. शिवाय ४० च्या तुलनेत ६० ला ब्रेक लावल्यानंतरचं अंतर सव्वादोनपट होतं. निसटण्याआधी थांबता यायला हवं.

तिसरा युक्तिवाद नवा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला. "आता स्वस्त झाली, घेऊन टाका." किंमत उतरली, वजन तेवढंच आहे.

२०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं मेली. त्यात दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के होते. यावर "नशिबात असेल ते होईल" म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. त्यांना उंट आधी बांधून मग भरवसा ठेवण्याची शिकवण आठवून द्यावी लागते. आयएसआय हेल्मेट आणि झेपेल अशी गाडी, हे आपलं उंट बांधणं.

मग घ्यायची कोणती? पुढे डिस्क ब्रेक असलेली १२५ सीसी. या गाड्यांत सीबीएस असतं. मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो, म्हणजे जुनी सवयही सांभाळली जाते. गिअरची रचना आपल्या जुन्या गाडीसारखी आहे का, ते विचारा. बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीवर पूर्ण टेकले पाहिजेत. इंजिन बंद ठेवून गाडी स्वतः मागे ढकलून पाहा, डबल स्टँडवर लावून पाहा. दमछाक झाली तर ती गाडी तुमची नाही. सेकंडहँड चालेल. लायसनची तारीखही तपासा. मुदत संपून वर्षाहून जास्त झालं असेल तर टेस्ट पुन्हा द्यावी लागते, आणि ती मनापासून द्या.

या गाडीवर एक पूर्ण पावसाळा काढा. त्यानंतर बुलेट घ्या, कोणी अडवणार नाही. सल्ला देणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे: "किती सीसीची घेतोस?" हे विचारण्याआधी "किती वर्षांनी चालवतोयस?" हे विचारा.